पाय, हात आणि भाता: आजोबांसाठी शोधलेल्या एका वाद्याचा इतिहास

१/
गेल्या पावसाळ्यात माझ्या आजोबांचा डावा खांदा मोडला. वय ८१. हाड जुळले, पण हात पुढे नेऊन सारखा हलवणे त्यांना अशक्य झाले. दुखण्यापेक्षा त्यांना एकाच गोष्टीचे शल्य होते: पेटी वाजवता येईना. उजवा हात शाबूत होता, बोटे शाबूत होती. भाता मारणारा हात तेवढा गेला होता. आजचा धागा त्या एका अडचणीपासून सुरू होतो आणि डेट्रॉइट, पॅरिस, कलकत्ता, सांगली असा फिरून कोल्हापुरात परत येतो. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
आजोबा म्हणजे आईचे वडील. पेशाने गणिताचे शिक्षक. पण गावातल्या एखाद्या हौशी मंडळाने संगीत नाटक बसवले की साथीचे बोलावणे बहुधा त्यांनाच येई. नाट्यगृहात ते ऑर्गनवर बसत, घरी हातपेटीवर. दिवेलागणीनंतर अर्धा तास पेटी हा घराचा नेम होता. खांदा मोडल्यावर पेटीवर खोळ चढली ती उतरेना. एकदा मी शेजारी बसून भाता मारून पाहिला. दोन ओळींनंतर ते थांबले आणि म्हणाले, "पोरी, तू भाता मारतेस की विहिरीचं पाणी उपसतेस?"

३/
मग मला एक युक्ती सुचली. आपोआप वाजणारे वाद्य आणले तर? जुन्या परदेशी चित्रपटांत दिसतो तसा प्लेअर पियानो: पट्ट्या आपल्या आपण खाली-वर होतात आणि समोर कोणीही बसलेले नसते. जुना, पण नीट दुरुस्त करून चालता केलेला असा एखादा पियानो कुठे मिळेल, याचा शोध मी सुरू केला. इतिहासाची विद्यार्थिनी असल्यामुळे वस्तूच्या आधी तिचा इतिहास हाती लागला, आणि त्या इतिहासाने माझी खरेदीच बदलून टाकली.

४/
प्लेअर पियानोचे सर्वांत गाजलेले रूप म्हणजे 'पियानोला'. एडविन व्होटी या अमेरिकन कारागिराने १८९५ मध्ये डेट्रॉइटला त्याचा पहिला नमुना तयार केला. तेव्हा तो पियानोच्या आत नव्हता. एक स्वतंत्र कपाट होते; ते साध्या पियानोसमोर सरकवून ठेवायचे, मग कपाटाला बसवलेली लाकडी बोटे पियानोच्या पट्ट्या दाबत. एओलियन कंपनीने ते बाजारात आणले. पुढे काही वर्षांतच ही सगळी यंत्रणा पियानोच्या पोटात गेली आणि बाहेरून तो नेहमीच्या पियानोसारखा दिसू लागला.

५/
आतली करामत हवेची आहे. वादक दोन पायट्या आळीपाळीने दाबतो. त्यामुळे भात्यातून हवा बाहेर ओढली जाते आणि आत निर्वात ओढ तयार होते. वर एक कागदी गुंडाळी हळूहळू उलगडत असते. कागदावर छिद्रे पाडलेली असतात. प्रत्येक छिद्र म्हणजे एक स्वर. कागद एका छिद्रांकित पितळी पट्टीवरून सरकतो. कागदाचे छिद्र पट्टीच्या छिद्रावर आले की तिथून हवा आत शिरते, त्या स्वराची छोटी भाती मिटते, आणि तिच्या ओढीने पियानोची हातोडी तारेवर आदळते. छिद्र जितके लांब, तितका स्वर लांब.

६/
सुरुवातीला प्रत्येक कारखान्याची गुंडाळी वेगळी होती. एकाची दुसऱ्याला चालत नसे. १९०८ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहरी उत्पादकांची परिषद भरली आणि ८८ स्वरांच्या, सव्वाअकरा इंच रुंदीच्या गुंडाळीवर एकमत झाले. त्याआधीच, १९०४ मध्ये, जर्मनीतील वेल्टे कंपनीने आणखी पुढचे पाऊल टाकले होते. वादकाने कोणता स्वर किती जोरात, किती हळुवार वाजवला, हेही त्यांची गुंडाळी टिपून ठेवी. माहलर आणि देबुसी या थोर संगीतकारांचे वादन अशा गुंडाळ्यांवर आजही ऐकता येते.

७/
साधा पियानोला मात्र पूर्णपणे 'आपोआप' वाजत नसे. पायांचा दाब वाढवला की आवाज वाढे. लय कमी-जास्त करायला हाताशी एक दांडी असे. म्हणजे बोटांचे काम कागदाकडे, पण श्वासाचे काम माणसाच्या पायांकडे. हा तपशील लक्षात ठेवा. धाग्याच्या पुढच्या भागात तोच किल्ली ठरणार आहे.

८/
या वाद्याची भरभराट विलक्षण होती. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक पियानो स्वयंवादक होते. मग रेडिओ आला. १९२५ पासून विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण होऊ लागले आणि ग्रामोफोनचा आवाज एकदम सुधारला. १९२९ च्या मंदीने उरलासुरला बाजार मोडला. ज्या घरांत गुंडाळी चढवून कुटुंब भोवती बसे, तिथे आता खटका फिरवला की गाणे ऐकू येऊ लागले. पायट्या मारण्याची गरज संपली.

९/
आता खरेदीची गोष्ट. जुन्या वाद्याबाबत 'दुरुस्त केलेले' हा शब्द फार फसवा आहे. लाकडाला पॉलिश केले, पट्ट्या घासल्या, पितळ चकचकीत केले, तरी विकणारा त्याला दुरुस्त म्हणतो. पण प्लेअर पियानोचा जीव रबरी नळ्यांत, भात्याच्या कापडात आणि चामड्याच्या पातळ झडपांत असतो. शंभर वर्षांत रबर कडक होऊन तडकते, कापड झिरझिरते. हे सगळे उलगडून नव्याने घातले असेल तरच वाद्य वाजते. शिवाय वजन तीनशे किलोच्या घरात. आमच्या घराचा जिना पाहिलेला कोणीही हसला असता.

१०/
तरीही मी हट्ट सोडला नव्हता. एके रात्री आजोबांना फोनवर पियानोलाची एक चित्रफीत दाखवली. ते बारकाईने पाहत राहिले. पट्ट्या खाली-वर होत होत्या, गुंडाळी फिरत होती. संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला: "वन्समोअर मिळाला तर हा काय करतो?"
मी म्हटले, "गुंडाळी उलटी फिरवायची आणि पुन्हा लावायची."
"म्हणजे तेच?"
"तेच."
"मग वन्समोअर कशाला द्यायचा?" असे म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला.

११/
ज्यांनी संगीत नाटक पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी सांगते. पद रंगले की प्रेक्षागृहातून 'वन्समोअर'ची हाक उठे आणि नट पुन्हा गाई. पण दुसऱ्यांदा गाताना तो तेच गात नसे. एखादी नवी तान, मुखड्यावर येण्याची वेगळी वाट, एखाद्या शब्दावर नवा ठहराव. साथीदाराला आधी काही कळवलेले नसे; त्याने गाणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत मागोमाग जायचे. या कलेत ठरलेले असते ते पद. त्याचे गाणे दर वेळी नवे होते. कागदावर छिद्रे पाडून ते आधी लिहून ठेवता येत नाही.

१२/
म्हणून पियानोला काही युरोपीय आणि श्रीमंत घरांतला शौक म्हणून इथे पोचला असला, तरी आपल्या संगीतात त्याला जागा मिळाली नाही. आजोबांच्या एका प्रश्नाने माझी युक्ती निकालात निघाली. पण शोध थांबला नाही, कारण पियानोलाच्या इतिहासात एक धागा लोंबकळत होता. त्याचा जनक व्होटी हा मुळात पियानोचा कारागीर नव्हता. तो ऑर्गन बनवणारा होता. डेट्रॉइटच्या 'फॅरंड अँड व्होटी' या ऑर्गन कंपनीत तो भागीदार होता.

१३/
एओलियन कंपनीही पियानोलाच्या आधीपासून कागदी गुंडाळीवर वाजणारे छोटे ऑर्गन विकत होती. पायाने भाता, आत हवेची ओढ, छिद्रांतून स्वर: ही सारी कल्पना ऑर्गनमधून पियानोत गेली. थोडक्यात, पियानोला आणि आपल्या संगीत रंगभूमीवरचा ऑर्गन ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. दोघांची फुप्फुसे सारखीच आहेत. फरक इतकाच, की एका भावंडाची बोटे कागदाची आहेत आणि दुसऱ्याला माणसाची बोटे लागतात.

१४/
या दुसऱ्या भावंडाची वंशावळ अशी. पितळेची पातळ जिभली एका बाजूने घट्ट बसवायची, दुसरी बाजू हवेत मोकळी सोडायची. हवा गेली की ती थरथरते आणि स्वर निघतो. आपल्याकडे या जिभलीलाच 'सूर' म्हणतात. तत्त्व पूर्व आशियातले फार जुने आहे; चीनचे 'शंग' हे वाद्य असेच वाजते. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबें याने १८४० च्या दशकाच्या आरंभी या तत्त्वावरच्या आपल्या वाद्याचे पेटंट घेतले आणि त्याला 'हार्मोनियम' हे नाव दिले.

१५/
फ्रेंच हार्मोनियममध्ये भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकन ऑर्गनमध्ये तो हवा आत ओढतो. ओढीच्या पद्धतीत स्वर अधिक गोल, मऊ निघतो. बोस्टनची 'मेसन अँड हॅम्लिन' आणि व्हर्मांट राज्यातली 'एस्टी' या कंपन्यांनी असे ऑर्गन जगभर धाडले. एकट्या एस्टीने पाच लाखांहून अधिक ऑर्गन बनवले. मिशनऱ्यांसाठी घडीचे, पेटीसारखे मिटणारे ऑर्गनही निघाले. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम १८५२ पासून सुरू होते. पाश्चात्त्य स्वरपट्टी आपल्या कानावर पडली ती प्रार्थनामंदिरांतून, लष्करी बँडमधून आणि साहेबांच्या दिवाणखान्यांतून.

१६/
मग कलकत्त्यात एक मोठा बदल घडला. द्वारकानाथ घोष यांनी १८७५ मध्ये 'द्वारकिन' ही वाद्यांची पेढी काढली. भारतीय गायक-वादक जमिनीवर बैठक मारून बसतात. त्यांना खुर्चीवर बसून पाय हलवायला लावणारे वाद्य अडचणीचे होते. घोष यांनी पाय काढून टाकले, भाता वाद्याच्या पाठीमागे आणला आणि तो हाताने मारायची सोय केली. आतली रचनाही सोपी झाली. हातपेटी जन्माला आली. ती स्वस्त होती, हलकी होती, बैलगाडीतून आणि पुढे एस्टीच्या टपावरून कुठेही जाऊ शकत होती. (ही एस्टी आपली, लाल डब्याची, वर आलेली ऑर्गनवाली नव्हे.)

१७/
या बदलाचे कौतुक सगळेच करतात आणि ते रास्तही आहे. पण त्याची एक किंमत होती. ती माझ्या लक्षात आली ती आजोबांचा खांदा मोडल्यामुळे. घोष यांनी भाता पायाकडून काढून डाव्या हाताला दिला. म्हणजे वाजवायला एकच हात उरला. हिशेब असा: पियानोलाला पाय लागतात, बोटे लागत नाहीत. ऑर्गनला पाय लागतात आणि दोन्ही हात मोकळे राहतात. हातपेटीला पाय लागत नाहीत, पण एक हात कायमचा भात्याला बांधला जातो.

१८/
हा हिशेब वहीत मांडताना मी थबकले. आजोबांचा डावा हात गेला होता. पाय मात्र उत्तम होते. रोज सकाळी ते रंकाळ्यावर फिरायला जातात. त्यांना आपोआप वाजणारे वाद्य नकोच होते. त्यांना हवी होती ती पायपेटी, ज्या ऑर्गनवर त्यांनी तरुणपण घालवले तोच. पाय भाता मारतील, उजवा हात गाईल, डावा मांडीवर विसावेल. मी जगभर शोधत होते आणि उत्तर आमच्याच गावाच्या रंगमंचापुढे, साथीदारांच्या जागी होते.

१९/
संगीत रंगभूमीने ऑर्गन का जपला, हेही इथेच सांगायला हवे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आले, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. पुढे नाट्यगृहे मोठी झाली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा भरीव, सलग आधारस्वर गायकाला हवा होता. ऑर्गनचे चार-पाच सप्तकांचे सूर आणि दोन मोकळे हात ते काम करत. उजव्या हाताने पद, डाव्याने भरणा. आवाज वाढवायला गुडघ्याशी एक दांडी असते. पद रंगू लागले की वादकाचा गुडघा बाहेर सरकतो. आजोबांचा अजूनही सरकतो, नुसते गाणे ऐकतानासुद्धा.

२०/
या कथेत कोल्हापूरचे स्थान मोठे आहे. पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा देणाऱ्यांत अग्रणी असलेले गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) याच मातीतले. १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आले, त्याच्या चाली टेंब्यांच्या. ठुमरी-दादऱ्याचा पूरबी रंग त्यांनी मराठी पदात आणला. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापली. या मंडळीच्या साथीला ऑर्गन, कादरबक्षांची सारंगी आणि अहमदजान थिरकवांचा तबला असा थाट पुढे उभा राहिला.

२१/
पेटीच्या आणि ऑर्गनच्या सुरांवर आक्षेपही इथल्याच मुलखात घेतले गेले. पट्टीचे वाद्य मींड काढू शकत नाही आणि त्याचे बारा स्वर पाश्चात्त्य समान अंतरांत बसवलेले असतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुती दाखवणारी खास हार्मोनियमही घडवून घेतली. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी देवलांना या संशोधनात साहाय्य केले होते. वाद्य वाजवायला अवघड होते, ते रुजले नाही. पण प्रश्न खरा होता.

२२/
१९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला आपली दारेच बंद केली. रवींद्रनाथांचाही या वाद्याला विरोध होता. सुमारे तीस वर्षांनी, १९७१ च्या सुमारास, ही बंदी सैल झाली. या काळात रेडिओवर पेटी नव्हती, पण गावोगावच्या भजनांत, तमाशात, नाटकांत ती होतीच. गंमत पाहा: पियानोलावर माझा जो आक्षेप होता, तोच विद्वानांचा पेटीवर होता. फरक असा, की पेटीमागे बसलेला माणूस गाणाऱ्याकडे बघून वाट बदलू शकतो. जे वाद्याला जमत नाही ते त्याचे कान भरून काढतात.

२३/
अखेर ऑर्गनवरही पियानोलासारखीच वेळ आली, आणि जवळजवळ त्याच वर्षांत. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. १९३२ चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट इथेच बनला. त्याचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे आणि हरिश्चंद्राच्या भूमिकेतही तेच. ज्या माणसाने संगीत नाटकाला चाली दिल्या, त्यानेच त्याच्या प्रतिस्पर्ध्याला आवाज दिला. बोलपटांपुढे नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. त्यांच्या सामानाबरोबर ऑर्गनही विखुरले.

२४/
ते गेले कुठे? काही वाड्यांच्या माळ्यावर, काही शाळांच्या अडगळीत, काही भंगारात: लाकूड जळणाला, पितळ वजनावर. महिनाभर मी फिरले. एका दुकानात एक ऑर्गन दिसला, आरशासारखा चकचकीत, किंमत अवाच्या सवा. मी पायट्या दाबल्या. आतून फक्त 'फस्स' असा आवाज आला. दुकानदार म्हणाला, "ताई, हा शोभेसाठी आहे." भात्याचे कापड कधीच फाटले होते आणि कोणीतरी चिरांत सरस ओतून ठेवला होता. पॉलिश म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे पियानोलावर वाचलेले वाक्य तिथे डोळ्यांसमोर उभे राहिले.

२५/
मिरजेला तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी तिथे वाद्यनिर्मिती सुरू केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथल्या एका कारागिराने मला जवळच्या गावातल्या पेटीदुरुस्तीवाल्यांकडे धाडले. आणि त्या काकांच्या माहितीतूनच एका जुन्या वाड्यातला ऑर्गन हाती लागला. वरचे लाकूड काळवंडलेले, दोन पट्ट्यांची वरची पांढरी पापुद्री उडालेली. पण पायट्या दाबल्यावर कुठूनतरी एक सूर कण्हला.

२६/
भाता उघडला तेव्हा मी शेजारी होते. मूळचे रबर लावलेले कापड, त्यावर चामड्याची पट्टी, त्यावर रेक्झिन, आणि सर्वांत वर सायकलच्या ट्यूबचे ठिगळ. चार थर, चार काळ, चार माणसे. कोणाचेही नाव कुठे लिहिलेले नाही. आम्ही इतिहासाच्या वर्गात दस्तऐवज शोधतो. हाही दस्तऐवजच होता. पण ठिगळे ठेवली तर वाद्य वाजणार नव्हते. काकांनी सगळे उतरवले आणि नवे कापड चढवले. काढलेले चारही तुकडे मी पाकिटात घालून घरी आणले आहेत.

२७/
सूर जुळवण्याचे काम पाहण्यासारखे होते. प्रत्येक सूर बाहेर काढायचा, धूळ झटकायची, मग कानस. जिभलीच्या टोकाकडचे धातू खरवडले की स्वर चढतो. मुळाशी खरवडले की उतरतो. केसभर जास्त गेले तर सूर कायमचा वाया. काकांचा मुलगा फोनवरच्या यंत्रात स्वराचा आकडा पाहत होता. काका मात्र कान लावून बसले होते आणि शेवटी आकडा त्यांच्या कानाशी जुळत होता. हे काम येणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ती थांबली की माळ्यावरचे सगळे ऑर्गन खरोखरच लाकूड होतील.

२८/
८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ पासूनचे हे पॅलेस थिएटर. पुढे त्याला कोल्हापूरच्याच केशवरावांचे नाव मिळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. आजोबांनी तिथे किती प्रयोगांना साथ केली याची नोंद कुठेच नाही. त्या सकाळी ते तिथे गेले आणि बराच वेळ धुराकडे पाहत उभे राहिले. वास्तू पुन्हा बांधता येते. त्या वास्तूत काय आणि कसे वाजत असे, हे मात्र माणसांच्या हातांत असते, आणि आजोबांच्या बाबतीत पायांतही.

२९/
ऑर्गन घरी आला त्या दिवशी आजोबांनी त्याला लगेच हात लावला नाही. खुर्ची ओढली, चपला काढल्या आणि नुसत्या पायट्या मारल्या. एकही पट्टी न दाबता. भाता भरला, ते थांबले. हवा किती वेळ टिकते ते ऐकत होते. मग म्हणाले, "काम चोख केलंय." उजवा हात पट्ट्यांवर गेला. 'मानापमाना'तले एक पद, हळू लयीत. मधे एक जागा चुकली, त्यांनी मान हलवली. संपल्यावर स्वयंपाकघरातून आजीने हाक दिली: "वन्समोअर!" त्यांनी पुन्हा धरले. मुखड्यावर या वेळी ते वेगळ्या वाटेने आले.

३०/
धागा इथे संपतो. आता एक विनंती. तुमच्या घरी, वाड्यात, शाळेत पायपेटी वा ऑर्गन पडून असेल तर भंगारात देऊ नका आणि आधी पॉलिशही करू नका. पायट्या दाबून बघा. एखादा सूर जरी कण्हला तरी वाद्य जिवंत आहे. भात्याचे कापड उंदरांपासून आणि ओलीपासून जपा. आणि घरात ते वाजवलेले कोणी असेल, तर आज संध्याकाळीच त्यांच्याशेजारी बसून विचारा: कोणते नाटक, कोणते नाट्यगृह, गाणारे कोण. उत्तर लिहून ठेवा. अशा नोंदी दुसरे कोणी ठेवलेल्या नाहीत.